लेकरांची वाटी
(महोत्सवानिमित्त भरलेल्या मातांच्या मेळाव्यात स्त्रीमंडळातर्फे झालेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या या मंगल महोत्सवात स्त्रीमंडळाने 'गृहजीवन' या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम कचरलो. कारण असे की, या विषयावर बोलावयास जे कोणी उभे राहते ते बहुधा तरुण सुनांना दोष देण्यासाठीच उभे राहते. पूर्वीच्या बायका किती कष्टाळू व हल्लीच्या किती सुखासीन, हे ऐकता ऐकता आमचे तरुणपण गेले. आणि पुढे वय झाल्यावर तीच भाषणे आम्ही स्वतः करू लागलो. आज ते करावयाचे नाही असे आम्ही ठरविले आहे. ते का ठरविले, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या एका सभेस एक तरुण भगिनी आली होती. तिला दोन लेकरे. थोरले चार वर्षांचे, धाकटे अकरा महिन्यांचे. ती पहाटे उठून घरचे आवरते, वसई रोडवरून मुंबईची गाडी पकडते आणि दिवेलागणीनंतर घरी परतते. सभा संपल्यावर आमच्यापैकी एकीने सहज विचारले, "काय गं, पोरांना काय रांधतेस?" विचारणारीच्या मनात वाईट काही नव्हते, परंतु तो स्वर कोणता, हे येथे बसलेल्या प्रत्येक सुनेस ठाऊक आहे. ती म्हणाली, "काही नाही, मावशी. दुधात बिस्किटे कुस्करून देते. माझ्याने तुमच्यासारखे होत नाही." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. धाकटे मूल तिच्या मांडीवर हातात बिस्कीट धरूनच बसले होते. कोणी काही बोलले नाही. आम्ही छत्र्या घेतल्या व घरोघर गेलो.

परंतु 'तुमच्यासारखे' हा तिचा शब्द आमच्या मनातून जाईना. पुढील सभेत आम्ही म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींस प्रामाणिकपणे विचारले की, आपली लेकरे लहान असताना आपण खरोखर काय रांधीत होतो?

उत्तर ऐकून आमचे आम्हालाच हसू आले. आम्ही सुनांपुढे ज्या पदार्थांचा अभिमान मिरवितो, ते आंबवलेल्या पिठाचे फुगे, ती सांदणे, ते इंद्याल, हे सारे नाताळचे, लग्नाचे किंवा सणाचे. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत सकाळी पेज व तिच्याबरोबर भाजलेला सुका बोंबील; दुपारी भात आणि एक कालवण; रात्री तांदळाची भाकरी व दुपारचेच कालवण, किंवा वाडीत जे पिकले असेल त्याची भाजी. वांगी निघाली की वांगी, पडवळ निघाला की पडवळ. एका जेवणास दोन भाज्या झाल्या तर आमच्या सासवा विचारीत, "आज कोण यायचे आहे?" जे आम्ही सणास करीत होतो ते रोजचे म्हणून आम्ही सुनेस सांगितले, आणि तिने ते खरे मानून, आपल्याने होत नाही म्हणून, हात टेकले व बिस्किटांचा पुडा फोडला. त्या पुड्याचा अर्धा दोष आमचा आहे.

दुसरीही एक गोष्ट आम्ही सांगावयाची विसरत होतो. ते साधे जेवणदेखील आम्ही एकटीने केले नव्हते. घरात सासू असे, जाऊ असे, एखादी नणंद असे. एक चुलीपाशी, एक विहिरीवर, एकीच्या काखेत पोर. बाटलीचा मसाला कुटावयाचा झाला की आळीतल्या चार बायका मुसळ धरीत आणि वर्षाचे काम आटपून जाई. आजची सून दोन खोल्यांत एकटी, आणि आम्ही आठ हातांचे काम तिच्या दोन हातांपुढे ठेवून तुलना करतो. हे मोजमाप खोटे आहे.

जुन्या काळचे सारेच चांगले होते, असेही कोणी समजू नये. घरची स्त्री सर्वांच्या मागून, उरेल ते जेवत असे. मग ती अंगावर पाजणारी असो की पोटुशी असो. आमच्या आयांच्या पिढीत लेकरू पुरले नाही असे घर सापडणे कठीण. बाळ जन्मताच त्याच्या जिभेस मध लावण्याची चाल होती. वर्षाच्या आतील मुलास मध देणे घातक ठरू शकते, कारण त्यातील एक प्रकारचे जंतू कोवळ्या आतड्यांत वाढून विष निर्माण करतात, हे आता वैद्य सांगतात. आणि आमची ती पेज! मोठ्या माणसास ती उत्तम. परंतु सात महिन्यांच्या बाळास वरचे पाणी गाळून पाजीत व पोट भरले असे समजत. पोट भरे, पण पोषण होत नसे. बाळाचे पोट मूठभर. त्यात पाणीच गेले तर अन्नास जागा कोठून राहणार?

तेव्हा लहान मुलास खरोखर काय लागते, तेवढेच आम्ही आता सांगतो. आमच्या आठवणींपेक्षा वैद्यांच्या सांगण्यावर येथे अधिक भार ठेवला आहे.

पहिले सहा महिने आईचे दूध; दुसरे काही नाही, पाणीही नाही. त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे व आईचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याविषयी आमच्या लोकांत उगाच संकोच आहे, म्हणून सांगतो: सन २०१७ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी सिस्टाइन चॅपेलमध्ये बाळांचे बाप्तिस्मे केले, तेव्हा भुकेने रडणाऱ्या लेकरांच्या मातांना त्यांनी तेथेच निःसंकोच पाजावयास सांगितले. पवित्र मरियेनेही येशूला असेच पाजले, याची त्यांनी आठवण करून दिली. आपल्या मंदिराच्या मागच्या बाकावर पदर सावरीत अवघडून बसलेल्या मुलीकडे वळून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सहा महिन्यांनंतर प्रश्न लोहाचा. जन्मताना बाळ जो साठा घेऊन येते तो या सुमारास सरत येतो, आणि आईच्या दुधात लोह थोडे. गाईम्हशीच्या दुधातही थोडेच. आणि बिस्किटात बहुधा मैदा, साखर व तेल. दुधात बिस्कीट खाऊन मूल गुटगुटीत दिसेल, पण रक्त वाढणार नाही. सन २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय मुलांपैकी शेकडा ६७ रक्तक्षयी आढळली. ही सारी दरिद्री घरची मुले असतील, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये.

यास उपाय काय? आमच्या मते उपाय एका वाटीचा आहे. घरात जे शिजत असेल तेच बाळास द्यावे. मात्र मसाला व मीठ पडण्यापूर्वी त्याची वाटी बाजूस काढावी. डाळ शिजली, मग फोडणीआधी एक पळी काढा. भोपळा शिजला, तिखटाआधी दोन फोडी काढा. मासळीचा तुकडा बाटलीच्या मसाल्यात जाण्यापूर्वी वाफवून, काटे बोटांनी नीट चाचपून काढा. मऊ भातात हे कुस्करा, वर तूप अथवा तेल चमचाभर, आणि चार थेंब लिंबाचे. लिंबाने धान्यभाजीतील लोह अंगी लागते. अंडेही पूर्ण उकडून द्यावे. त्यासाठी वर्षाची वाट पाहण्याचे कारण नाही. चमचा वाकडा केला असता जे ओघळून जात नाही, इतके घट्ट अन्न असावे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळास दिवसातून दोनतीन वेळा, पुढे तीनचार वेळा. साखरेची गरज नाही. वेगळा स्वयंपाक नाही, वेगळे भांडे नाही; मोजून पाहिले असता आमच्यापैकी एकीस यास सात मिनिटे अधिक लागली.

ज्या दिवशी तेवढेही होणार नाही, त्या दिवसासाठी नाचणीचे सत्त्व घरात असावे. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधावी, मोड आले की वाळवावी, किंचित भाजून दळावी व बारीक चाळावी. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक चुना असतो, आणि मोड आणल्याने ती पचावयास हलकी होते. रविवारी एकदा केले की पंधरा दिवस पुरते. थोरल्या मुलाच्या डब्यास आपल्या वसईची सुकेळी आहेतच. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून आपले वाडवडील करीत आले ती. विकतची खाऊ आणण्याआधी हिची आठवण व्हावी. (सुकेळी हल्ली महाग झाली आहेत, ही तक्रार आम्हास मान्य आहे. तर मग साधे वेलची केळे द्या.)

पुड्यांविषयी एवढेच म्हणावयाचे की, पुडा फोडणे पाप नव्हे. प्रवासात, आजारपणात, आई अगदी थकली असता तो उपयोगी पडतो, आणि असे करणाऱ्या आईस कोणी बोल लावू नये. परंतु अकरा वाजता बिस्किटाने भरलेले पोट बारा वाजता जेवत नाही, आणि मग 'माझे पोर जेवतच नाही' म्हणून आई रडते. दोन वर्षांच्या आतील मुलांच्या दूधभुकटीची व डबाबंद अन्नाची जाहिरात करण्यास आपल्या देशात सन १९९२ च्या कायद्याने व पुढे २००३ च्या दुरुस्तीने मनाई आहे. सरकारास असा कायदा करावा लागला, त्याअर्थी आईच्या मनास भुलविणे किती सोपे असते हे उघड आहे.

आता पुरुषमंडळींकडे वळतो. ती मागे उभी राहून फार शांतपणे ऐकत आहेत. पुनरुत्थानानंतर प्रभू सरोवराच्या काठी शिष्यांस भेटला, तेव्हा त्याने निखारे पेटवून त्यांवर मासळी ठेविली होती व भाकर तयार होती, असे संत योहान सांगतो. रात्रभर राबून आलेल्या माणसांस त्याने स्वतः न्याहारी दिली. मांडवातील मोठमोठी पातेली ढवळण्यास आमचे कित्येक पुरुष हौसेने पुढे येतात व त्याबद्दल वाहवाही घेतात. त्यांनी घरची लहान पातेलीही ढवळावी. बाळाच्या माशातील काटे काढण्यास देवाने स्त्रियांनाच बोटे दिली आहेत असे नाही.

मार्था व मरिया यांची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. तिच्यावरून स्वयंपाक हलका ठरतो, असे काहीजण समजतात. आम्हास तसे वाटत नाही. मार्थेचे चुकले ते रांधण्यात नव्हे, फार गोष्टींच्या काळजीत गुंतून जाण्यात. कदाचित तिने एकच पदार्थ केला असता तर तिलाही बसावयास वेळ मिळाला असता. आणि याईराची बारा वर्षांची मुलगी मरणातून उठली, तेव्हा प्रभूने घरच्यांस काय सांगितले? तिला काही खावयास द्या. काय रांधून द्या, हे त्याने सांगितले नाही. त्या घरी त्या वेळी जे असेल तेच तिच्या आईने दिले असेल.

आमच्या मंडळाने स्वतःपुरते तीन ठराव केले आहेत. पाच वर्षांखालील मूल ज्या घरात आहे, त्या घरी जपमाळेस अथवा भेटीस गेल्यास चहापलीकडे काही घ्यावयाचे नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी सभागृहाच्या पडवीत आम्ही वडील बायका नाचणीचे सत्त्व करून ठेवू. ज्या आईस हवे तिने येताना रिकामा डबा आणावा. आणि 'काय रांधतेस?' हा प्रश्न कोणीही कोणास विचारावयाचा नाही. हा तिसरा ठराव पाळणे आम्हास सर्वांत कठीण जात आहे.

ती तरुण भगिनी पुढे दोन सभांस आली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो, जिने तो प्रश्न विचारला होता तीही आमच्याबरोबर होती, आणि बोलणे तिनेच केले. काय बोलली ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. गेल्या महिन्याच्या सभेस ती मुलगी आपणहून आली. तिच्या पिशवीत मुलांसाठी एक डबा होता. त्यात उकडलेली रताळी होती, मीठसुद्धा न घातलेली. धाकट्याने अर्धे खाल्ले, अर्धे जमिनीवर फासले. उरलेली आम्ही सर्वांनी वाटून खाल्ली, आणि डबा धुऊन त्यात सत्त्व भरून दिले.