झेंडा आणि मोकळीक
(लांजी येथील बैठकीत झालेले भाषण)



गुलामगिरी संपल्याचे झेंडे आणि उत्सव, असा विषय मला दिला आहे. तो परक्या मुलखाचा वाटेल. पण आपल्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते.

त्या अमेरिकेत लिंकनने 1 जानेवारी 1863 रोजी बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले. टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन गावात फौज ती बातमी घेऊन पोचली 19 जून 1865 ला. अडीच वर्षे माणसे कागदावर मोकळी आणि शेतात गुलाम! तिथले लोक सण करतात तो बातमी पोचली त्या दिवशी. 2021 पासून त्या दिवशी देशभर सुटी असते. त्या दिवसाचा झेंडा 1997 मध्ये तयार झाला. त्याचे रंग लाल, पांढरा, निळा. म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाचेच. हा देश आमचाही आहे, असे त्यांना सांगायचे होते.

1956 पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. तिथे 1923 साली झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्समधून झेंडा नेण्यास सरकारची मनाई होती. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल आले, शेकडो माणसे पकडली गेली आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक त्याच रस्त्याने गेली. जिथे जाऊ देत नाहीत तिथे जाता आले, म्हणून त्या झेंड्याला किंमत. नुसते कापड तर बाजारात मिळते.

आता घरातले बोलू. राग मानू नका. पाडव्याला आपण विजयाची गुढी उभारतो. आणि सालगडी कधी ठरवायची वहिवाट? त्याच पाडव्याला! वर गुढी आणि खाली ओसरीत एक माणूस वर्षभरासाठी बांधला जातोय. वर्षाच्या करारावर काम करणारा प्रत्येकजण गुलाम असतो असे मी म्हणत नाही. पण मागची उचल फिटत नाही म्हणून त्याला दुसरीकडे कामाला जाता येत नसेल, तर कायदा त्याला वेठबिगारच म्हणतो.

वेठबिगारी 25 ऑक्टोबर 1975 च्या वटहुकुमाने बंद झाली, कायदा 1976 चा. त्या तारखेपासून असे कर्ज रद्द. गहाण टाकलेली वस्तू परत द्यायची. आणि महत्त्वाचे म्हणजे हे वेठबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर, मजुरावर नाही. गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद.

धान कापून झाले की पेशगी घेऊन नागपूर-हैदराबादकडे कामाला जाणाऱ्या किती मजुरांना हे ठाऊक आहे? बातमी अजून वाटेतच आहे. गॅल्व्हेस्टनला अडीच वर्षे लागली. आपण पन्नाशीला आलो.

म्हणून माझी सूचना अशी. दरवर्षी 25 ऑक्टोबरला, माणसे पेशगी घेण्याआधी, बाजाराच्या चौकात या कायद्याची मुख्य कलमे मराठीत आणि हिंदीत मोठ्याने वाचावीत. झेंडा तिरंगाच असावा, वेगळा नको. हारतुरे, पाहुणे, काही नको. तक्रार कुणाकडे करायची ते मात्र तिथे लिहून लावावे : एसडीएम किंवा बालाघाटचे कलेक्टर. आणि वाचायला आपल्या जुन्या घरांतल्या कुणीतरी पुढे यावे. पहिल्या वर्षी मी वाचतो.