उमेदवारी आणि सहीची किंमत
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



औषधनिर्मिती आणि आरोग्यसेवा या क्षेत्रांतील उमेदवारीबद्दल मी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. आजचे विद्यार्थी तिला इंटर्नशिप म्हणतात. नाव कोणतेही असो, काम तेच : जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून आपला हात तयार करणे.

आपल्या उपनगरांचे या क्षेत्राशी जुने नाते आहे. मुलुंडला हेक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथील भारतीय शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात, आपल्याकडे जिच्या कंदांचे लोणचे घालतात त्या माईनमूळ वनस्पतीतून फोर्सकोलिन हे द्रव्य वेगळे केले. पेशींच्या आत निरोप कसे पोचतात, याच्या अभ्यासासाठी जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात. असा शोध एका दिवसात लागत नाही. एकामागून एक वनस्पती घ्यायची, अर्क काढायचा, परीक्षण करायचे आणि जे दिसले तेच वहीत लिहायचे. या शेवटच्या गोष्टीबद्दलच मला आज बोलायचे आहे.

1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात काय घडले, ते येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मेंदूवरील आणि डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरॉल देण्यात आले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि 14 जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंतची ढिलाई उघड झाली. मित्रहो, औषध कारखान्यातून खाटेपर्यंत पोचते, तेव्हा वाटेत अनेक सह्या झालेल्या असतात. प्रत्येक सही म्हणते, ‘मी हे तपासले आहे.’ ज्या सहीमागे तपासणी नाही, ती सही म्हणजे थाप आहे.

हे मी उपदेशाच्या सुरात सांगत नाही. माझी स्वतःची चूक सांगतो. 1978 साली मी एका कारखान्याच्या तपासणी विभागात उमेदवार होतो. गोळ्यांच्या प्रत्येक घाण्यातून वीस गोळ्या घेऊन त्यांचे एकेक करून वजन करायचे, हे माझे काम. सरासरीपासून ठरलेल्या मर्यादेबाहेर दोन गोळ्या गेल्या तर चालते, तिसरी गेली की घाणा अडतो. एका संध्याकाळी घाटकोपरची गाडी गाठायची घाई होती. मी दहा गोळ्या तोलल्या आणि उरलेल्या दहांचे आकडे मनाने भरून सही ठोकली. दुसऱ्या दिवशी आमच्या विभागाच्या बाईंनी वही पाहिली. त्यांना आकडे फारच सुबक वाटले. बाजूला ठेवलेल्या दहा गोळ्या त्यांनी माझ्याकडून तोलून घेतल्या. तीन गोळ्या मर्यादेबाहेर निघाल्या. बाई ओरडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “अरे, ही गोळी तुझ्या आईच्या वाट्याला येणार नाही, असं तुला कुणी सांगितलं?”

मग त्यांनी मला खोटे आकडे खोडायला लावले. खोडायचे तेही एकाच रेघेने, खालचा आकडा वाचता येईल असे. शेजारी खरा आकडा, सही आणि तारीख. घाणा अडवला गेला. माझी नोकरी पुढे टिकली, पण ती रेघ मी आजतागायत विसरलेलो नाही. पदवीच्या पुस्तकात ती मला कोणी शिकवली नव्हती. उमेदवारी लागते ती यासाठी.

आता व्यवहाराचे बोलू. लालबहादूर शास्त्री मार्गावर एकेकाळी कारखान्यांचे भोंगे वाजत, तिथे आज मॉल आणि टॉवर उभे आहेत. बरेचसे उत्पादन मुंबईबाहेर गेले. तरीही उपनगरांत रुग्णालये, रक्तपेढ्या, तपासणी प्रयोगशाळा आणि औषध कंपन्यांची कार्यालये आहेत. आपल्या मुलांची अडचण अशी की, या दारांवर ओळखीचा माणूस नसतो. विनावेतन दोन महिने काढणे हे वडिलांच्या पगारावर चालणाऱ्या घराला परवडत नाही.

म्हणून आपले हक्क माहीत असू द्या. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार नोंदणी झालेल्या उमेदवाराला विद्यावेतन द्यावेच लागते. त्याच कायद्याच्या कलम 3-अ प्रमाणे नेमून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव आहेत. पदवीधर आणि पदविकाधारकांच्या उमेदवारीचे काम पाहणारे पश्चिम विभागाचे मंडळ शीव येथे आहे. ते काही परमुलखात नाही. फार्मसीच्या पदविकेला किमान तीन महिन्यांत 500 तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण सक्तीचे आहे आणि त्यांपैकी 250 तास प्रत्यक्ष डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याचे असावे लागतात. हे तास दुकानाच्या मालकाकडून नुसते लिहून घेऊ नका. पैसे घेऊन प्रमाणपत्र देणारे भेटतील. त्यांच्याकडे जाल, तर पहिलीच सही खोटी होईल.

उमेदवारीला गेल्यावर स्वतःची वही ठेवा. रोज काय पाहिले, काय केले, काय चुकले ते लिहा. मात्र रुग्णाचे नाव आणि कंपनीचे गुपित त्या वहीत येता कामा नये. नुसते चहा आणायला आणि झेरॉक्सला पाठवत असतील, तर नम्रपणे काम मागा. समजले नाही तर विचारा. विचारल्याने कमीपणा येत नाही.

आणि संस्थेच्या सभासदांना माझी विनंती आहे. आपल्यापैकी कोणी प्रयोगशाळेत आहे, कोणी पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी औषधाच्या गोदामात आहे. अशा सर्वांची एक यादी करा आणि ती विद्यार्थ्यांना उपलब्ध करून द्या. ज्याला विद्यावेतन मिळत नाही, त्याच्या रेल्वे पासचा आणि डब्याचा खर्च दोन महिने उचला. खर्च फार नाही, पण त्यावाचून हुशार मुले दारातूनच परत फिरतात. ज्याची उमेदवारी पूर्ण झाली, त्याने पुढच्या वर्षी एका धाकट्याला त्या दारापर्यंत न्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या सहीवर विसंबून कोणीतरी अनोळखी माणूस औषध घेणार आहे. त्याला तुमचे नाव कधीच कळणार नाही. तरीही सही करण्यापूर्वी विसावी गोळी तोला.