'निर्वासित' आणि 'घुसखोर'

(नांदेड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



सरहद्द ओलांडून आलेल्या माणसाला शासन कोणत्या नावाने संबोधते, यावर त्याला भाकरी मिळणार की कोठडी, हे ठरत असते. त्याला 'निर्वासित' म्हटले की त्याच्यावरील खर्च मदत व पुनर्वसनाच्या खात्यावर पडतो. 'घुसखोर' म्हटले की तोच माणूस पोलीस खात्याकडे वर्ग होतो.

मराठवाड्याला हा विषय परका नाही. १९४७-४८ साली रझाकारांच्या अत्याचारांमुळे नांदेड भागातील कुटुंबे उमरखेडकडे, तर लातूर-उस्मानाबाद भागातील कुटुंबे बार्शी-सोलापूरकडे गेली. आपण त्यांना निर्वासित म्हटले व ते यथार्थच होते. निजाम सरकारचा भर मात्र सरहद्दीपलीकडून होणाऱ्या हल्ल्यांच्या तक्रारीवर होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य रणगाड्यांसह संस्थानात शिरले. त्या मोहिमेस 'पोलीस कारवाई' हे नाव मिळाले. हैदराबादची तक्रार तेव्हा सुरक्षा समितीकडे गेली होती. हा अंतर्गत प्रश्न आहे, असे जगाला सांगण्यास ते नाव सोयीचे होते. मुक्ती न्याय्य होती, याविषयी आपल्या मनात किंतु नाही. परंतु तिच्या पाठोपाठ निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड यांची नोंद केली. आजच्या लातूर जिल्ह्याचा बहुतांश भाग त्या वेळी उस्मानाबाद व बिदरमध्ये विभागलेला होता. तो अहवाल शासनाने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. जीव घेऊन पळालेल्या त्या माणसांना निर्वासित म्हणण्यास कोणी पुढे आले नाही, कारण पोलीस कारवाईच्या कथेत त्यांना जागा नव्हती.

१९७१ साली पूर्व बंगालातून सुमारे १ कोटी माणसे आली. शासनाने त्यांना निर्वासित म्हटले, आणि देशाने पत्रांवर ५ पैशांचे जादा तिकीट लावून त्यांचा भार उचलला. पुढे त्याच सरहद्दीवरून येणारा घुसखोर ठरला. २०१८ साली भाजपचे तत्कालीन अध्यक्ष अमित शहा यांनी घुसखोरांना 'दीमक', म्हणजे वाळवी, म्हटले. वाळवीची कैफियत कोणी ऐकून घेत नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने तर तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना 'बेकायदा स्थलांतरित' या व्याख्येबाहेर काढले. त्या सहांत मुसलमान नाहीत, आणि म्यानमारमधील संहारातून वाचलेला रोहिंग्याही व्याख्येच्या आतच राहिला.

राज्याला सरहद्द राखावी लागते, हा आक्षेप मला मान्य आहे. चौकशी जरूर व्हावी. परंतु निकाल चौकशीनंतर लागावा, नामकरणानेच लागू नये. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, आणि आश्रय मागणाऱ्यांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे कोणास काय म्हणावे, हे शासनाच्या मर्जीवर राहिले आहे. असा कायदा व्हावा, ही मागणी आपण सातत्याने केली पाहिजे.

एक काम मात्र उद्यापासून करता येईल. आपल्या पत्रकांतून व भाषणांतून 'लोंढे' हा शब्द काढून टाकावा. लोंढा म्हटला की ऐकणाऱ्याला बंधारा सुचतो. माणसे आली असे म्हटले, तर ती का आली, हे विचारणे निदान भाग पडते.