छतावरचा अँटेना गेला, त्याची गोष्ट

चुली आवरल्या असतील, काहीजणी अजून भाकऱ्या थापत असाल. थापत थापतच ऐका.

आज बोलायचंय टीव्हीवर. मागच्या महिन्यात एका वस्तीवर बैठकीला गेले होते. तिथल्या एक आजी म्हणाल्या, "बाई, माझा टीव्ही चांगला हाय, बटन दाबलं की उजेड येतो, पर निस्त्या मुंग्याच दिसत्यात. कुणी तरी बघा की." पाहिलं तर छपरावर जुना ॲल्युमिनियमचा अँटेना, वायर धड, टीव्हीही धड. बंद पडलं होतं ते आमच्या तालुक्याच्या टेकडीवरचं दूरदर्शनचं केंद्र. आजींना कुणी सांगितलंच नव्हतं. दीड-दोन वर्षं त्या टीव्ही बिघडला म्हणून बसल्या होत्या. त्या आजींमुळे हा विषय घेतला.

आपल्यातल्या तिशी-चाळिशीतल्या बायकांना अँटेना चांगला आठवत असेल. भाऊ छपरावर, मी दारात, आई टीव्हीपुढे. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" वडील 'आमची माती आमची माणसं' लागायच्या आधी अर्धा तास अँटेना फिरवून ठेवायचे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. मग डोंगराडोंगरावर छोटे मनोरे उभे राहिले आणि चित्र खेड्यात पोहोचलं. ती जुनी पद्धत म्हणजे ॲनालॉग. तिचा एक गुण होता, सिग्नल कमी झाला तरी चित्र पुरतं जायचं नाही. मुंग्या यायच्या, माणसामागे त्याचीच सावली दिसायची, पण बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलचं तसं नाही. दिसलं तर काचेसारखं स्वच्छ, नाहीतर चौकोन चौकोन होऊन फुटतं आणि पडद्यावर 'नो सिग्नल'. मधलं काही नाही.

मग बदललं कशाला? जुन्या पद्धतीत एका वाहिनीला जितकी जागा लागायची, तितक्या जागेत डिजिटलमध्ये कितीतरी वाहिन्या बसतात. आणि केबलवाल्याकडे किती घरं जोडलेली आहेत याचा खरा आकडाच कुणाला कळत नव्हता. बॉक्स आला की प्रत्येक घर मोजलं जातं. म्हणून कायदा बदलला. मुंबईत 2012 च्या ऑक्टोबरअखेर जुनी केबल बंद झाली, पुण्या-नाशकात 2013 च्या मार्चअखेर. आपण खेड्यातले चौथ्या टप्प्यात. आपली मुदत होती 31 डिसेंबर 2016, ती पुढे 31 मार्च 2017 केली. आणि दूरदर्शनने आपले जुने मनोरे हळूहळू बंद करत आणले. महत्त्वाच्या जागांचे पन्नासेक ठेवून बाकीचे 2022 च्या मार्चपर्यंत बंद करायचे, असं प्रसारभारतीने जाहीर केलं होतं.

आता जे सांगते ते माझ्याच चुकीचं आहे.

2017 चा फेब्रुवारी. नोटाबंदीतून गावं अजून सावरत होती, हातात रोकड नव्हती. केबलवाला दारोदार सांगत फिरला, मार्चनंतर बॉक्सशिवाय काही दिसणार नाही. हे खरं होतं. पण पुढे तो हेही म्हणाला की जुने डब्ब्याचे टीव्ही आता चालणार नाहीत, नवीन घ्या, आणि दुकानही तोच सांगायचा. आमच्या गटातल्या एक मावशी, शेतमजुरी करणाऱ्या, घरात सून आणि दोन नातवंडं, बैठकीत आल्या आणि सात हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. रजिस्टरला कारण काय लिहायचं? "टीव्ही." लगेच कुजबुज. एकजण म्हणाली, ही चैन आहे, शेळीला मागितले असते तर दिले असते. मी त्या मावशींची बाजू घेतली. म्हटलं, दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईने संध्याकाळी तासभर टीव्ही बघितला तर ती चैन कशी? ठराव झाला, मी सही केली. बोलले ते चूक नव्हतं, आजही तेच म्हणेन. चूक ही, की तो टीव्ही खरंच लागणार आहे का, हे मी विचारलं नाही. बी.ए. झालेली बाई मी, आणि केबलवाल्याच्या तोंडावर विश्वास ठेवला.

शेकडा दोन रुपये व्याज, महिना पाचशे मुद्दल, चौदा हप्ते. व्याजाचे एक हजार पन्नास. बॉक्सचे दीड हजार वेगळे, त्याची पावतीही नाही. जुना टीव्ही भंगारवाल्याने दीडशेला नेला.

दिवाळीला मी माहेरी गेले, तर वहिनीच्या घरी तोच जुना डब्बा सुरू, आणि चित्र स्वच्छ. भावाने टीव्ही फिरवून दाखवला. मागे तीन भोकं, लाल, पांढरं, पिवळं. बॉक्सची तीन रंगांची वायर त्यात घातली की झालं. माझ्या पोटात खड्डाच पडला. त्या मावशींच्या टीव्हीलाही मागे तीच भोकं होती, मी त्यांच्या घरी कितीदा चहा प्यायले होते.

पुढच्या बैठकीत मी हे उभं राहून सांगितलं. सोपं नव्हतं. कुणी तरी म्हणालं, मावशींचं उरलेलं व्याज माफ करू. मावशीच म्हणाल्या, "नको. आज माझं सोडलं तर उद्या दुसरीचं सोडावं लागंल. गटाचा पैसा हाय. पर पुढल्या बाईला आधी सांगा." तेव्हापासून आमच्या गटात पद्धत आहे. वस्तूसाठी कर्ज मागितलं की आधी दोघीजणी घरी जाऊन बघतात, दुकानात विचारतात, मग रजिस्टर उघडतं.

त्याच टीव्हीचं पुढचंही सांगते. 2020 ला शाळा बंद. वस्तीत मोठा फोन दोन घरांत. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. मावशींनी टीव्ही उंबऱ्याजवळ ओढला, तोंड अंगणाकडे केलं, आणि पोरं लांब लांब पोत्यावर बसली. शेळीवाली बाई स्वतः नातू घेऊन यायची. मी काही बोलले नाही, तीही नाही.

आता कामाचं. नीट ऐका, जमलं तर लेकीला लिहून घ्यायला सांगा.

ज्यांना महिन्याचे पैसे भरणं जड जातं त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे, 2004 पासून आहे. छत्री, बॉक्स आणि वायर एकदाच विकत घ्यायची, महिन्याला काही नाही. कुणी नोंदणी फी, रिचार्ज, सरकारी योजनेचा हप्ता मागत आला तर दारातूनच पाठवा. बॉक्स घेताना एमपीईजी-4 चा मागा, त्यावर जास्त वाहिन्या दिसतात. सह्याद्री त्यात आहे. खासगी वाहिन्या मात्र बदलत राहतात, कारण त्यातली जागा लिलावाने दिली जाते. गेल्या वर्षीची मालिका यंदा गायब झाली तर बॉक्स बिघडला म्हणून दुरुस्तीला दोनशे देऊ नका.

छत्रीचं तोंड आपल्याकडे आग्नेयेला येतं, जिकडे वास्तूवाले चूल मांडायला सांगतात तिकडे. त्या बाजूला शेवगा किंवा लिंब वाढला असेल तर फांदी छाटा. मोठ्या पावसात चित्र जातं, पाऊस ओसरला की येतं. तेवढ्यासाठी कुणाला छपरावर चढवू नका, पत्रे ओले असतात.

केबल ठेवायची असेल तर पावती घ्याच, ती द्यावीच लागते. आणि वाहिन्या तुम्ही निवडायच्या. 2019 मध्ये हा नियम आला, तेव्हा जोडणीचं मूळ भाडं जास्तीत जास्त 130 रुपये आणि त्यावर कर, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, असं ठरलं होतं. 2024 ला ती मर्यादा काढली, म्हणून आता भाव विचारूनच घ्या. आम्ही बैठकीत एक खेळ केला होता. प्रत्येकीने आठवड्यात खरंच बघितलेल्या वाहिन्या बोटांवर मोजायच्या. सहाच्या वर कुणी गेली नाही. पैसे भरत होतो शंभरांचे. महिना तीनशे म्हणजे वर्षाचे छत्तीसशे, आपल्यातल्या कितीतरीजणींच्या वर्षाच्या बचतीपेक्षा जास्त.

जुना टीव्ही विकायच्या आधी मागे बघा, तीन रंगांची भोकं आहेत का. फार जुन्याला फक्त अँटेनाचं भोक असतं. त्यालाही बॉक्स आणि टीव्हीच्या मध्ये बसणारा छोटा जोड मिळतो, रेडिओ दुरुस्तीवाल्याला विचारा.

तुम्ही आत्ता ऐकताय ना, तो आपला एफएम अजून जुन्याच पद्धतीचा आहे. आवाज खरखरला तरी पोहोचतो. दहा-पंधरा किलोमीटर, तेवढाच, पण पोहोचतो.

त्या आजींकडे परवा फ्री डिश बसली. पैसे लेकाने पाठवले, कर्ज नाही. टीव्ही तोच जुना, तीन भोकांचा. पुढच्या मंगळवारी त्याच वस्तीवर बैठक आहे, दुपारी दोन वाजता, मारुतीच्या देवळामागे. येताना पासबुकं आणा, मागच्या वेळी चौघींची राहिली होती.