हे गाणं लावू नका
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



थोड्या वेळाने आपल्याच मंडळींचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आहे. त्याआधी गाणी आणि आठवणी यावर दहा मिनिटं बोला, असा मला आदेश झाला. मी गाण्यातला जाणकार नाही. सारी हयात बँकेत गेली. हार्मोनियमपेक्षा टोटलिंग मशीनची खडखड जास्त ऐकली.

आपल्याला वाटतं, प्रसंगाला साजेसं गाणं आपण निवडतो आणि मग ते लक्षात राहतं. माझा अनुभव उलटा आहे. जे गाणं जन्मभर चिकटतं, ते बहुतेक वेळा शेजारच्या रेडिओवर सहज लागलेलं असतं.

माझ्या एसएससीचंच घ्या. साल 1966, मुक्काम सातारा. त्या परीक्षेला चिकटलंय ते गाणंसुद्धा नाही, आकाशवाणीची सकाळची धून आहे. ती 1936 साली वॉल्टर कॉफमन यांनी बांधली. युरोपातून मुंबईत येऊन राहिलेले हे ज्यू संगीतकार, त्यांना काय कल्पना, की साताऱ्यातला एक मुलगा ती धून ऐकून घाबरणार आहे! शेजारी रेडिओ सुरू झाला की कळायचं, उजाडलं, आणि भूमितीची प्रमेयं अजून राहिलीत. ती धून कानावर आली की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

दुसरं गीतरामायण. 1 एप्रिल 1955, रामनवमी, पुणे आकाशवाणी. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत आणि वर्षभरात 56 गाणी. आमच्याकडे रेडिओ नव्हता. आई मला हाताला धरून समोरच्या वाड्यात ऐकायला न्यायची. मी पाच वर्षांचा, मला त्यातलं काय कळणार? लक्षात राहिला तो आईचा हात, कामावरून तशीच उठून आल्यामुळे ओला असलेला. 1989 साली आई गेली. तेराव्याला कुणीतरी गीतरामायणाची कॅसेट लावली. सगळे म्हणाले, किती योग्य केलंत. खरं सांगतो, मला काहीही झालं नाही. पुढे तीन-चार महिन्यांनी ब्रँचमध्ये आमचा शिपाई त्यातल्याच एका गाण्याची चाल शिटीवर वाजवत गेला, आणि माझी व्हाउचरची बेरीज तीनदा चुकली.

पत्नी जाऊन आता आठ वर्षं झाली. आमची गाणी सगळी जॉइंट खात्यातली, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. आता माझ्या एकट्याच्या सहीवर चालतात. त्याबद्दल यापेक्षा जास्त बोलत नाही.

आज मला सांगायचंय ते मात्र दुसऱ्याच्या गाण्याबद्दल. 2008 साली मी आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक काकू राहत. जुन्या सभासदांना आठवतील. गणपतीच्या आधी त्यांची चिठ्ठी आली. 1979 च्या 'अष्टविनायक' चित्रपटातलं, आठही गणपतींची महती गाणारं गाणं मांडवात लावू नये, बाकी काहीही लावा. कारण दिलं नव्हतं. आता मला सांगा, गणपतीत ते गाणं नाही तर कुठलं लावायचं? कमिटीत हशा झाला. मी रीतसर लेटरहेडवर उत्तर दिलं, की आपला अर्ज सभेपुढे ठेवला असता बहुमताने नामंजूर करण्यात आला आहे. जावक क्रमांकही टाकला. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

काकू काही बोलल्या नाहीत. दहाही दिवस त्यांच्या खिडक्या बंद होत्या.

दोन वर्षांनी नॉमिनेशनचे फॉर्म भरून घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो. तीन प्रती, साक्षीदारांच्या सह्या, नेहमीचंच काम. वैवाहिक स्थितीचा विषय निघाला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, हे गेले तेव्हा आम्ही परळला चाळीत होतो. गणपतीच होते. खाली मांडवात ते गाणं जोरात लागलेलं. ह्यांच्या कंपनीतला माणूस दारात उभा राहून काहीतरी सांगत होता, मला ऐकूच येईना. मी सारखी 'काय, काय' विचारत होते. शेवटी बिचाऱ्याला ते ओरडून सांगावं लागलं."

ओरडून. फॉर्म माझ्या हातात तसाच राहिला. त्यांनी आत जाऊन चहा टाकला. माझ्या त्या पत्राचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मलाही काढायचं धैर्य झालं नाही. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

त्या वर्षी मी मांडवातल्या सीड्या स्वतः चाळल्या आणि ती एक घरी आणून ठेवली. मुलं विचारत होती, काका, सीडी कुठे गेली? स्क्रॅच पडलाय म्हणालो. चौतीस वर्षांच्या नोकरीत खोटी नोंद केली नाही, ती इथे केली. पुढे पेन ड्राइव्ह आले, तेव्हा नातवाला हाताशी धरून त्यातूनही ते गाणं काढलं. कमिटीच्या इतिवृत्तात यातलं काही सापडणार नाही.

काकू नंतर मुलीकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या. फ्लॅट विकला गेला. गेल्या गणपतीत मुलांनी मोबाइलवरून ते गाणं लावलं. आता अडवण्याचं काही कारण नव्हतं. मी गॅलरीत उभा होतो, नजर मात्र बी विंगच्या तिसऱ्या मजल्याकडे गेली. नवीन बिऱ्हाडातली छोटी मुलगी खिडकीच्या गजांना धरून नाचत होती. मी आत आलो आणि दार लावून घेतलं.

असो. माझी दहा मिनिटं संपली, तबलेवाले केव्हाचे हातोडी घेऊन बसलेत. आजच्या गाण्यांची यादी माझ्या खिशात आहे. त्यातलं एखादं कुणाला नको असेल, तर कार्यक्रम सुरू व्हायच्या आत माझ्याकडे चिठ्ठी द्या. कारण विचारणार नाही.