जोड्या जुळवा: सोळा पत्त्यांचा खेळ



शाळेच्या प्रश्नपत्रिकेत ‘जोड्या जुळवा’ असायचं, आठवतंय? तोच खेळ मोबाईलवर करायला मला तीन महिने लागले. त्यातले दोन ‘साधन कोणतं घ्यायचं’ यातच गेले.

खेळ साधा. सोळा पत्ते, आठ जोड्या. दोन उलटायचे, जुळले तर उघडे राहतात, नाहीतर पुन्हा पालथे. आईसाठी करत होतो. हल्ली तिला नावं आठवत नाहीत, म्हणून चित्रंही तिच्या ओळखीची: पोळपाट, समई, अडकित्ता, सूप.

आधी युनिटी घेतलं, मग गोडो. नुसते व्हिडिओ बघत बसलो. शेवटी कागदावर यादी केली: सोळा चित्रं, बोटाचा स्पर्श, पत्ता उलटणं, थोडं थांबणं. थ्रीडी नाही, उड्या नाहीत. मग गेम इंजिन कशाला? मी फ्लटर घेतलं, कारण कोडमधला बदल लगेच फोनवर दिसतो. तुम्हाला गोडो येत असेल तर तेच घ्या, ते मोफत आणि ओपन सोर्स आहे. सांगायचं एवढंच, आधी यादी, मग साधन.

आता माझ्या चुका.

पहिली पत्ते पिसण्यातली. मी प्रत्येक पत्त्याची कुठल्याही पत्त्याशी अदलाबदल करत होतो. तीन पत्त्यांवर करून बघा. वाटा होतात 27, रचना फक्त 6. सत्तावीसला सहाने भाग जात नाही, म्हणजे काही रचना जास्त वेळा येणारच. उपाय आहे फिशर-येट्स पद्धत: शेवटून सुरुवात करा आणि प्रत्येक पत्ता फक्त स्वतःशी किंवा त्याच्या आधीच्यांशी बदला. मग वाटाही 6 आणि रचनाही 6.

दुसरी आईनं पकडली. तिचा हात थरथरतो. एकाच पत्त्यावर दोनदा बोट पडलं आणि खेळ म्हणाला, ‘जुळलं!’ मी फक्त चित्र तपासत होतो, जागा नाही. म्हणून आता उघड्या पत्त्यावरचा स्पर्श मोजत नाही आणि दोन उघडे असले की बाकीचे स्पर्श बंद.

तिसरी चूक कोडमध्ये दिसत नव्हती. आई सारखी हरायची. मला वाटलं, स्मरणशक्ती आणखी खालावली. डॉक्टरांची वेळ घ्यायला निघालो, तेव्हा ती म्हणाली, “अरे, मला नीट दिसायच्या आत पालथं पडतंय ते.”

पत्ते एक सेकंद उघडे राहत होते. मी अडीच केले. त्या संध्याकाळी तिनं आठही जोड्या लावल्या. नावं तिला अजूनही आठवत नाहीत. पण त्या खेळात कमी पडत होता तो माझा एक आकडा, ती नाही.

म्हणून खेळ तयार झाला की ज्याच्यासाठी केलाय त्याच्या हातात द्या आणि शेजारी गप्प बसून बघा.