संशोधनाचं मोल पाटाच्या पाण्यावर

एखाद्या संशोधनाचं चीज झालं का, हे आज बहुधा एका आकड्यावरून ठरवलं जातं: त्याचा उल्लेख इतर किती शोधनिबंधांत झाला? १९६४ मध्ये युजीन गारफील्ड यांनी अशा उल्लेखांची सूची छापायला सुरुवात केली. २००५ मध्ये होर्हे हिर्श यांनी संशोधकाच्या निबंधांची संख्या आणि त्यांचे उल्लेख एकत्र मोजणारा एच-निर्देशांक सुचवला. पण एका अभ्यासकाचं दुसऱ्या अभ्यासकाने वाचलं, एवढंच हे आकडे सांगतात. ज्यांच्यावर अभ्यास झाला त्या माणसांच्या पदरात काय पडलं, ते त्यांतून कळत नाही.

आपल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात या प्रश्नाला फार पूर्वी हात घातला गेला.

गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या मुलखात पुण्याच्या गोखले संस्थेने पाहणी केली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी लिहिलेला तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर सरकार कालव्याची किंमत मुख्यतः पाणीपट्टीच्या वसुलीवर जोखत असे; त्या हिशेबात दख्खनचे कालवे तोट्याचेच दिसत. गाडगीळांनी हिशेबाची वहीच रुंद केली. बागाईत आणि जिराईत शेतीतला फरक, मजुरांना मिळणारं काम, व्यापार आणि वाहतूक अशा प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची नोंद त्यांनी मांडली. पुढे ओडिशातल्या हिराकूड धरणाचा अभ्यासही याच संस्थेने केला.

पण गाडगीळ अहवालापाशी थांबले नाहीत. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी ऊस उत्पादकांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना उभा करायचं ठरवलं, तेव्हा गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ मध्ये या प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. पाटाच्या पाण्याचं गणित मांडणारा प्राध्यापक ते पाणी पिणाऱ्या उसाच्या कारखान्याचा कारभार पाहू लागला. अभ्यासाचा प्रभाव वाढण्याची याहून सरळ वाट दुसरी कोणती?

असा प्रभाव मूल्यमापनातही धरता येतो. ब्रिटनने २०१४ च्या विद्यापीठ-मूल्यमापनात वीस टक्के गुण समाजावरील प्रभावाला दिले. विद्यापीठांना तिथे आपल्या कामाने बाहेर काय बदललं, त्याची पुराव्यानिशी कहाणी द्यावी लागली. राहुरीच्या कृषी विद्यापीठासह राज्यातल्या सगळ्याच विद्यापीठांना हे करता येईल. पाहणी झालेल्या गावाला निष्कर्ष मराठीत मिळावेत, आणि पाच वर्षांनी त्याच शिवारात पुन्हा जाऊन कोणाचं पीक वाढलं, कोणाला काम मिळालं, कोण मागे राहिलं, हे टिपलं जावं. त्या फेरपाहणीचा खर्च संशोधनाच्या अनुदानातच धरलेला असावा.